बालकांचे दूरदर्शन-दर्शन : रुग्णेतिहासात राहून गेलेला एक प्रश्न

नांदगाव पेठ येथील आमच्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी चार वर्षांचा एक बालरुग्ण वारंवार येत असे. तक्रार साधीच होती. भूक नाही, तीन-तीन दिवस मलप्रवृत्ती नाही, झाली तर खडे, आणि रात्री झोपेत दचकून उठणे. आई-वडील दोघेही औद्योगिक वसाहतीतील कापड कारखान्यात पाळीने कामास. मुलाला आजी घेऊन येई. आम्ही अग्निमांद्य व विबंध असे निदान करून पहिल्या घासासोबत तुपात हिंग्वाष्टक चूर्ण, रात्री भिजविलेल्या मनुका, मधूनमधून गंधर्वहरीतकी आणि बल्य म्हणून अरविंदासव अशी योजना केली. औषध चालू असेपर्यंत थोडा उपशय मिळे, बंद केले की पुन्हा तेच. असे तीन महिने गेले. आम्ही कल्प बदलले, मात्रा बदलली, अनुपान बदलले. आमचे प्रश्न मात्र तेच राहिले.

चौथ्या महिन्यात आजीबाईच सहज बोलून गेल्या, "डॉक्टरसाहेब, पोट्टं तसं जेवतच नाही. टीव्ही लावला का मंग तोंड उघडते. कार्टून सरलं का तोंड बंद." आणि शौचाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, "मंधात कुठी उठते थो? दाबून बसते. मी म्हंतो, जाहिरात लागली का जाजो."

त्या दोन वाक्यांत हेतू होता आणि संप्राप्तीही होती. जेवणाकडे मन नाही. आलेला वेग धरून ठेवलेला. रात्री दहानंतर वडिलांसोबत पाहिलेल्या मारामारीच्या मालिकेने झोप मोडलेली. न वेगान्धारणीय अध्याय आम्ही महाविद्यालयात मुखोद्गत केलेला आहे. परीक्षेत त्यावर गुणही मिळविलेले आहेत. तरीही समोर बसलेल्या बालकाच्या बाबतीत 'याला वेग आला असता हा काय करीत असतो?' हा प्रश्न आम्हांस तीन महिन्यांत सुचला नाही. त्या कामगार घराचा तीन महिन्यांचा औषधांचा खर्च आमच्या या विसरभोळेपणाच्या खाती जमा आहे. प्रस्तुत लेख लिहिण्यास ती घटना कारण झाली.

दूरदर्शन संचाचा बालकांवरील परिणाम या विषयावर व्याख्याने पुष्कळ होतात. ती बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनात होतात आणि 'आजची पिढी बिघडली' येथे संपतात. आम्हांस येथे संस्कारांची चर्चा करावयाची नाही. वैद्याच्या चौकीवर बसून या संचाकडे एक हेतू म्हणून कसे पाहावे, एवढाच प्रश्न आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात रोगांची तीन आयतने सांगितली आहेत : असात्म्येन्द्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम. त्यांतील पहिल्याचे विवेचन करताना प्रत्येक इंद्रियाचा अतियोग, अयोग व मिथ्यायोग स्पष्ट केला आहे. चक्षुरिंद्रियाच्या बाबतीत अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा अतियोग. आणि अतिशय जवळचे, अतिशय दूरचे, रौद्र, भयंकर, अद्भुत, अप्रिय, बीभत्स, विकृत असे रूप पाहणे हा मिथ्यायोग. या यादीसमोर सायंकाळच्या कार्यक्रमांची यादी ठेवून पाहावी. यावरून ऋषींना दूरचित्रवाणी ठाऊक होती असा शोध कृपया कोणी लावू नये. आमच्या काही व्यवसायबंधूंना प्रत्येक यंत्र संहितेत सापडते, आणि त्यामुळे संहितेची शोभा वाढत नाही. आचार्यांनी यंत्र पाहिले नव्हते. डोळ्यांवाटे मनात काय जाते आणि त्याचे शरीरात काय होते, हे मात्र त्यांनी नीट पाहिले होते.

त्याहून अधिक मोलाचा संदर्भ शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील आहे. बालकाची खेळणी कशी असावीत? रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी, टोकदार नसलेली, तोंडात न जाणारी, आणि भय उत्पन्न न करणारी. लगेच पुढे सांगितले आहे की मूल रडत असेल, जेवत नसेल किंवा ऐकत नसेल, तर त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये. म्हणजे 'जेवत नाही' या प्रसंगी आई काय करते, हे आचार्यांनी पाहिलेले होते. पूर्वी बागुलबुवा दाखवून घास भरवीत; आता तोच बागुलबुवा रंगीत होऊन पडद्यावर नाचतो आणि मूल आ वासून बसते. त्या उघड्या तोंडात घास जातो, म्हणून घरच्यांना समाधान वाटते.

आहारविधीचे नियम आपण रुग्णांस नेहमी सांगतो. रसविमान अध्यायात न बोलता, न हसता, मन लावून जेवण्याचा उपदेश आहे. त्रिविधकुक्षीय अध्यायात चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रस्त मनुष्याने मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे सांगितले आहे. प्रौढ रुग्णाला आपण हे ऐकवितो. बालकाला मात्र भय आणि अन्न एकाच वेळी भरवले जाते, आणि नंतर भूक लागावी म्हणून आपल्याकडून सिरप नेले जाते. पडद्यापुढे जेवणाऱ्या मुलास किती खाल्ले याचे भान राहत नाही. म्हणून याच सवयीतून एका घरात कृश बालक निर्माण होते आणि दुसऱ्या घरात स्थूल. एकास घास नकोसा असतो, दुसऱ्यास वेफर्सचे पाकीट संपल्याचे कळत नाही. स्थौल्याच्या हेतूंत अव्यायाम आणि दिवास्वाप यांच्या जोडीला नित्य हर्ष आणि अचिंतन हीही गणली आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता आमच्या गावाकडे वळू. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. तथापि वऱ्हाडातील खेड्यांत संच खऱ्या अर्थाने आला तो रामायण मालिकेबरोबर, म्हणजे जानेवारी 1987 नंतर. त्या काळी आम्ही शाळकरी होतो. गल्लीत एक कृष्णधवल संच, रविवारी सकाळी एक प्रसारण, आणि तेही सतरंजीवर चाळीस माणसांत बसून. प्रसारण संपले की लगोरी, विटीदांडू आणि आट्यापाट्या. ते पाहणे अतियोगात बसत नव्हते. 1992 नंतर खाजगी वाहिन्या आल्या, केबल आली, आणि संचाला विश्रांती उरली नाही. पुढे छपरावर डिशची छत्री आली आणि आता तोच पडदा हातात मावतो. हेतूचे स्वरूप तेच राहिले. त्याचा काल आणि मात्रा तेवढी बदलली.

मध्यंतरी एक विचित्र काळ आला होता, तो वाचकांस स्मरत असेल. 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. सायंकाळी वीज जाई आणि सारे गाव शिव्या घाली. आम्हीही घालीत होतो. परंतु त्याच वेळी मुले ओट्यावर आणि रस्त्यावर दिसत, दमून भाकर-वरण खात आणि साडेआठला झोपत, हेही आम्ही पाहिले आहे. हे निरीक्षण म्हणजे संशोधन नव्हे. पण आज आमच्या गावाजवळच 270 मेगावॅटच्या पाच संचांचा वीजप्रकल्प उभा आहे, आणि सायंकाळी सहा वाजता गल्ली मात्र निर्मनुष्य असते.

संशोधनच हवे असेल तर तेही आहे. कॅनडातील एका लहान गावात डोंगरांमुळे 1973 पर्यंत दूरचित्रवाणी पोहोचली नव्हती. संशोधकांनी त्या गावाला 'नोटेल' असे टोपणनाव देऊन संच येण्यापूर्वी आणि दोन वर्षांनंतर तेथील मुलांची तपासणी केली. संच येण्यापूर्वी ती मुले कल्पकतेत शेजारच्या गावांतील मुलांपेक्षा पुढे होती. दोन वर्षांत तो फरक नाहीसा झाला, आणि खेळाच्या मैदानावरील मारामाऱ्या मात्र वाढल्या. चिकित्सकाच्या दृष्टीने 1999 साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातील प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे. तेथे दोन प्राथमिक शाळांतील तिसरी-चौथीच्या 192 मुलांवर काम झाले. एका शाळेत सहा महिने केवळ दूरचित्रवाणी कमी करण्याचे धडे दिले. आहाराचा उपदेश केला नाही, व्यायामाचा तक्ता दिला नाही. वर्षाअखेर त्या शाळेतील मुलांचे वजन उंचीच्या मानाने दुसऱ्या शाळेपेक्षा कमी वाढलेले आढळले. केवळ निदानपरिवर्जन, दुसरे औषध नाही.

तरीही अतिशयोक्ती टाळावी. 'टीव्हीने डोळे जातात' हे वाक्य आपण रुग्णांच्या तोंडी ऐकतो आणि मान डोलवितो. योग्य अंतरावरून पाहिलेल्या संचाने दृष्टी जाते असे दाखविता येत नाही. मुलाचे जे नुकसान होते ते बाहेरच्या उजेडाचे. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली, तर इतर शाळांत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या जवळ होते. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आमच्या वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांजवळ जातो तेव्हा दिवसा मूल बाहेर काढणे शक्यच नसते. बाहेर जाण्याजोगा वेळ उरतो तो पाच ते सात, आणि नेमका तोच संचापुढे जातो. त्यामुळे नेत्रबिंदूंची बाटली देताना 'संध्याकाळी कुठे असतो?' हे विचारणे नेत्रचिकित्सेचाच भाग होय.

आणखी एक प्रसंग अपस्माराच्या रुग्णांसाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश अतिवेगाने लुकलुकला आणि त्या सायंकाळी सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील सर्वांनाच झटके आले होते असे नाही. पण काहींना खरोखर आले, आणि त्यांत पूर्वी कधीही झटका न आलेली मुलेही होती. ज्या बालकास आक्षेपाचा पूर्वेतिहास आहे त्याने अंधाऱ्या खोलीत, संचाच्या अगदी जवळ बसून लुकलुकते दृश्य पाहू नये, ही सूचना आपल्या चिठ्ठीवर असावयास हवी. अशा रुग्णाचे चालू असलेले आधुनिक औषध आपल्या सल्ल्याने बंद पडणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

वयाचा प्रश्न पालक हमखास विचारतात. त्याचे उत्तर देणे आपल्याला सर्वांत सोपे आहे. सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे विभाग केले : पहिले वर्ष, दुसरे वर्ष आणि त्यापुढे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात एक वर्षाच्या आतील बालकास पडदा मुळीच दाखवू नये, दुसऱ्या वर्षीही तो नसावा, आणि दोन ते चार वर्षांच्या बालकास जास्तीत जास्त एक तास, असे म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे धोरणही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असेच आहे. म्हणजे क्षीरप आणि क्षीरान्नाद यांना पूर्ण वर्ज्य. अन्नादास अल्प मात्रेत, आणि तेही मोठ्यांच्या सोबतीने. पालकांना आम्ही हे असे सांगतो : "दात पूर्ण येईस्तोवर पडदा नको." हे त्यांच्या लक्षात राहते.

मात्रा ठरविणे सोपे असले तरी ती पाळणे एकट्या घराला कठीण जाते. शेजारी संच चालू असला की मूल शेजारी जाऊन बसते. या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन गावांचे प्रयोग लक्षणीय आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट 2022 पासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातील सर्व दूरदर्शन संच व मोबाईल दीड तास बंद. साडेआठला पुन्हा चालू. महासाथीच्या काळात मुलांच्या हाती आलेले मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेनात, हे त्यामागील कारण होते. प्रारंभी पुरुषांनी थट्टा केली. मग गावातील महिलांची सभा झाली, आणि मालिका आपणच अधिक पाहतो हे त्यांनी मान्य केल्यावर काम पुढे सरकले. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि शिक्षक घरोघर फिरले. दुसरे गाव आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील, पुसद तालुक्यातील बान्सी. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला आणि दंडही ठेवला.

दोन्ही गावांविषयी आदर बाळगूनही आमचा कल वडगावकडे आहे. संपूर्ण बंदी म्हणजे तीक्ष्ण शोधन. रुग्णाचे बल पाहिल्यावाचून ते देऊ नये. दीड तासाचा नियम म्हणजे पथ्य. ते लहान आहे, रोजचे आहे, आणि मुख्य म्हणजे वडीलधाऱ्यांनाही लागू आहे. (संधिकाली अध्ययन वर्ज्य सांगितले आहे, मग सातला मुलांस अभ्यासाला कसे बसवावे, अशी शंका एका वैयाकरणी मित्राने काढली. सात वाजता बहुतेक महिन्यांत संध्या उलटलेली असते, एवढे उत्तर देऊन आम्ही सुटलो.) वऱ्हाडाला ही कल्पना परकी नाही. नागपूरकडे जाताना याच महामार्गावर मोझरीचा गुरुकुंज आश्रम लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजविलेल्या सामुदायिक प्रार्थनेमुळे आमच्या कितीतरी खेड्यांत सायंकाळची एक वेळ सर्वांनी मिळून बसण्याची ठरलेली होती. ज्या गावांत ती अजून टिकून आहे तेथे भोंगा विकत घेण्याचीही गरज नाही. आणि व्यायामाविषयी अमरावतीकरांस कोणी सांगावे? 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. त्या जिल्ह्यातील मुले आज कबड्डीही सोफ्यावर बसून पाहतात.

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी, आणि विशेषतः औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींविषयी. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत स्मरणशक्तिवर्धक सिरपची मागणी वाढते. ब्राह्मी आणि शंखपुष्पी ही उत्तम मेध्य द्रव्ये आहेत, सारस्वतारिष्टाचा आम्ही स्वतः उपयोग करतो. परंतु जाहिरात पाहून सिरप मागावयास आलेल्या आईस 'मूल किती वाजता झोपते?' एवढे काउंटरवरून विचारले तर विक्री कमी होईल काय? कदाचित एखादी बाटली कमी होईल. दुधात घालावयाच्या गोड भुकट्यांचेही तसेच. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली न दाखविण्याची सूचना केली. आपल्या फळीवरचे सदर तपासावयास कोणी येणार नाही, म्हणून ते आपणच तपासलेले बरे.

आणि दवाखान्याच्या प्रतीक्षा-खोलीतील संच? आमच्याकडे तो होता. रुग्णांचा वेळ जावा, लहान मुलांनी रडू नये, या हेतूने भिंतीवर बसविला होता, आणि त्यावर बहुतेक वेळ कार्टून चाले. आत आम्ही आहारविधी सांगत होतो आणि बाहेर बिस्किटाचा पुडा हाती घेऊन मुले वर पाहत बसत. वर वर्णिलेल्या रुग्णानंतरही तो काढावयास आम्हांस वर्ष लागले, कारण गर्दीच्या दिवशी त्याची सोय होती. काढल्यावर पहिले काही आठवडे गोंगाट वाढला, हेही नमूद केले पाहिजे. सध्या तेथे लाकडी बैल, भोवरे आणि एक फळा आहे. खडू रोज संपतो.

रुग्णपत्रकात आता आम्ही काही प्रश्न कायमचे घातले आहेत. मूल जेवताना समोर काय असते. वेग आला की उठते काय. संच झोपण्याच्या खोलीत आहे काय. शेवटचा कार्यक्रम कोणता आणि झोप किती वाजता. आणि दिवसभर मुलाला कोण सांभाळते. यांतील शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत उशिरा सुचला, आणि तोही त्याच आजीबाईंमुळे.

झाले असे की निदान कळल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने जेवताना संच बंद, जेवणानंतर थोड्या वेळाने शौचास बसविणे आणि सायंकाळी अंगणात नेणे असा विहार लिहून दिला. पंधरा दिवसांनी आजीबाई तीच तक्रार घेऊन परत आल्या. आम्ही काहीशा रागाने विचारले तेव्हा त्यांनी लुगडे किंचित वर करून सुजलेले गुडघे दाखविले. सकाळी आठपासून रात्रीपर्यंत चार वर्षांचे मूल एकटीने सांभाळायचे, त्याच्यामागे धावता येत नाही, ओटा उतरता येत नाही. संच लावला की ते एका जागी बसते. त्या घरात संच ही करमणूक नव्हती, ती दुसरी बाई होती. तिला कामावरून काढायचे तर तिच्या जागी कोणीतरी उभे राहावयास हवे होते.

म्हणून त्या बालकाची चिठ्ठी बाजूस ठेवून आम्ही आजीच्या नावाने नवीन कागद काढला. योगराज गुग्गुळ, बाह्य स्नेहन, वाळूची पोटली, आणि बालकाच्या आईची पाळी बदलता येईल काय याची चौकशी. दोन महिन्यांनी त्या ओट्यावरून उतरू लागल्या. मूल अंगणात ताटलीपाशी बसू लागले, आणि मलप्रवृत्ती औषधावाचून नियमित झाली. झोपेतील दचकणे जावयास मात्र आणखी वेळ लागला, कारण वडिलांनी रात्रीची मालिका सोडली नव्हती. शेवटच्या भेटीत आम्ही आजीबाईंस घरची हकीकत विचारली. त्या म्हणाल्या, "पोट्टं झालं बरं, डॉक्टरसाहेब. पन आता मलेच शिरेल पाह्याले भेटत नाही."